पाठीवरचा शब्द

पंचशीलाने कार्डावरचं बोट मध्येच थांबवलं, मिटलेले डोळे उघडले आणि म्हणाली, “मॅडम, ह्ये उलटं हाय.” दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. पहिलीच्या वर्गात कुणीतरी सारखं काहीतरी सांगतच असतं, कुणाचा डबा सांडलेला असतो, कुणी कुणाला चिमटा काढलेला असतो, त्यामुळे मी मान वर न करताच म्हणाले, “तू उलटं धरलंस बाळा. फिरव.” तिने कार्ड फिरवलं, पुन्हा फिरवलं. “फिरवलं तरी उलटंच ऱ्हायलंय.” मग मी बघितलं. पांढरा पुठ्ठा आणि त्यावर तपकिरी पॉलिश पेपरमधून कापून चिकटवलेला शब्द. ‘मी’. गठ्ठ्यात पहिलं कार्ड ‘मी’चं असतं, म्हणून ते ‘मी’ होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तसं म्हणणार इतक्यात शेजारच्या वर्गावरची ऋतुजा खडू मागायला आली, तिने पंचशीलाच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि हसत सुटली. “अंबिका मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही? आरशात बघून कापलं काय? अख्खा गठ्ठा उलटा हाय की.” ती हसली म्हणून पोरं हसली, पोरं हसली म्हणून मी हसले. कशाला हसतेय ते मला कळलं नव्हतं. ऋतुजा गेल्यावर मी ते कार्ड टेबलाखाली मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरून बोट फिरवलं. बोट डावीकडून निघालं, ‘म’ची गाठ शोधायला गेलं, आणि तिथे त्याला वेलांटीचा उभा दांडा लागला. मी पुन्हा डोळ्यांनी बघितलं. डोळ्यांचं म्हणणं, सगळं ठीक आहे. घंटा झाली तशी मी गठ्ठा पिशवीत टाकला आणि पोरांना खिचडीच्या रांगेत उभं केलं.

कार्ड उलटं झालं कसं ते सांगायला हवं, नाहीतर बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं असा सोपा निकाल लागेल, आणि तो इतक्यात लागायला नको. पॉलिश पेपरच्या खरखरीत बाजूवर पेन चालत नाही. म्हणून शब्द काढायचा तो मागच्या गुळगुळीत बाजूवर, आणि मागून काढायचा म्हणजे उलटा काढायचा. कापून पालथा केला की तो सुलटा होतो. पहिल्यांदा करणारी प्रत्येक बाई इथे चुकते आणि पॉलिश पेपर वाया घालवते. मीही चुकले होते, पण तेव्हा ऋतुजा शाळेत जात असेल. आता माझा हात आपोआप उलटं काढतो. यंदा हात का कोण जाणे सुलटा चालला, ठीक आहे, होतं असं. पण त्यानंतर मी ते शब्द कापले, चिकटवले, नवऱ्याच्या, शिवकुमारच्या जाडजूड इंजिनिअरिंगच्या पुस्तकांखाली दाबून ठेवले, खिडकीत मांडून वाळवले. अख्खी सुट्टी ते शब्द माझ्याकडे बघत खिडकीत बसले होते. येता-जाता मी त्यांच्याकडे बघितलं, कौतुकाने बघितलं. चूक हाताची होती त्याचं मला काही नाही. डोळ्यांनी ती लपवून ठेवली याचा मला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं त्याला मी त्या दिवशी हात लावला नाही.

प्रशिक्षणात या शब्दांना मोठं नाव होतं. मी त्यांना नजरेचे शब्द म्हणते. मी, तू, आहे, नाही, पण, आणि, मला, इथे. हे शब्द प्रत्येक ओळीत येतात, ते अक्षरं जोडत वाचत बसलं तर पोरगं वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. पालकसभेत माझं एक ठरलेलं वाक्य आहे. शेजारीण दारात आली तर तुम्ही आधी नाक, मग डोळे, मग कान असे जोडत बसता का? बघताक्षणी ओळखता ना? तसंच शब्दाचं. आयांना हे फार पटतं. पण शेजारीण तरी ओळखीची होते ती रोज वाटीभर साखर मागून, भांडून, पोर सांभाळून. शब्दही नजरेत बसायचा तर आधी हातातून, तोंडातून, कानातून जावा लागतो. म्हणून माझ्या वर्गात रव्याची ताटं आहेत. पोरं रव्यात शब्द काढतात, मोठ्याने म्हणतात, आणि कुणाचं लक्ष नसेल तेव्हा बोट चाटतात. रव्यात किडे होतात, ताटाला मुंग्या लागतात, शेषेराव सर म्हणतात, “मॅडम, वर्ग हाय का शिऱ्याची तयारी?” ते आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्टीवर एक विनोद करून मगच सही करतो.

पंचशीलाला रवा उपयोगी पडला नव्हता. मातीही नाही, टाळ्याही नाहीत. आज ओळखलेला शब्द उद्या तिच्यासाठी कोरा व्हायचा. तिची आई बुद्धप्रिया एका दवाखान्यात मावशी म्हणून काम करते, ती सांगायला आली होती, “मॅडम, हिच्या डोक्यात काय ऱ्हातच न्हाई. मारा लागलं तर मारा.” मारण्याने शब्द शिरत असते तर आमच्या पिढीतलं प्रत्येक पोरगं पंडित झालं असतं. मी पंचशीलाला माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि तिच्या फ्रॉकवरून, मणक्याच्या बाजूला, बोटाने ‘नाही’ काढलं. तिला कळलं नाही. मी तळहाताने तिची पाठ पुसली, पाटी पुसतात तशी, आणि म्हणाले, “घाई न्हाई. परत काढते.” पुसणं महत्त्वाचं असतं, नाहीतर पोरांना आधीचा शब्द पाठीवर तसाच आहे असं वाटतं. किती दिवस हे चाललं कुणास ठाऊक. मग एकदा मधल्या सुट्टीत ती धावत आली आणि माझा पदर ओढत मला टाकीपाशी घेऊन गेली. टाकीवर शिपायाने खडूने लिहिलं होतं, पाणी नाही. तिने त्यातल्या दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “नाही.” वर्गाला प्यायला पाणी नव्हतं आणि मी टाकीपाशी उभी राहून त्या पोरीला कडेवर घेतलं होतं. इतका आनंद मला स्वतःचं पोर पास झाल्यावरही झाला नव्हता, हे मी शिवकुमारला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आदिनाथला सांगू नको फक्त.”

तर त्या उलट्या गठ्ठ्याच्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेत पेपर उघडला. माझ्या तोंडून निघालं, “हल्ली छपाई फार खराब करतात.” आणि कप हातात तसाच राहिला. कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते अप्पांचं होतं, माझ्या वडिलांचं. लातूरला गंजगोलाईतून ज्या गल्ल्या फुटतात त्यातल्या एकीत अप्पांचं कापडाचं दुकान होतं, महादेवप्पांचं दुकान म्हणूनच ओळखायचे. सकाळी दुकान झाडून झालं, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे असले की अप्पा पेपर मोठ्याने वाचायचे आणि आजूबाजूचे दुकानदार ऐकायचे, तेवढीच पेपरची बचत. एक दिवस त्यांनी पेपर झटकला आणि म्हणाले, आज छपाई खराब आहे. दुसऱ्या दिवशीही खराब होती. मग चष्मा खराब झाला, मग नवा चष्माही खराब निघाला, मग दुकानातला दिवा बदलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्याकडे अंगण, ओसरी, सगळंच वाकडं झालं होतं, आणि आम्ही पोरं हसत होतो. मी आठवू लागले. स्टाफरूममध्ये नव्या पाठ्यपुस्तकाच्या छपाईला मी नावं ठेवली होती. मोबाईलवरची अक्षरं बारीक आहेत म्हणून आदिनाथकडून मोठी करून घेतली होती, मग आणखी मोठी. मी पेपरकडे पुन्हा बघितलं. अक्षरं स्वच्छ होती. क, र, ण. एकेकटी होती, ओळखीची होती. पण ती एकमेकांचा हात धरत नव्हती. मी मथळ्यावर बोट ठेवलं आणि एकेका अक्षराचा आकार गिरवत गेले, तेव्हा कुठे शब्द आला, तोही पोटातून आल्यासारखा, डोळ्यांतून नाही.

शिवकुमार विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत असतो. यंत्र बिघडलं की आधी प्लग बघायचा अशी त्याची शिकवण. “चष्मा बदल,” तो म्हणाला. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, दिवे मारले, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मी सगळी वाचली, अगदी तळातलीसुद्धा. पाटीवर शब्द नसतातच, नुसती अक्षरं असतात. डॉक्टर खूश झाले. “डोळे उत्तम आहेत तुमचे.” शिवकुमारने सुस्कारा सोडला आणि मला वाटलं आता या खुर्चीतून उठू नये. डोळे उत्तम असणं याच्याइतकी वाईट बातमी मी आजवर ऐकली नव्हती. निघताना मी एकटी आत गेले आणि डॉक्टरांना खरं काय ते हळूच सांगितलं, वडिलांचंही सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, आवाज तेवढा बदलला. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाले, लवकर दाखवा. बाहेर शिवकुमार गाडीला किक मारत होता. “काय म्हणले?” मी म्हणाले, “काही न्हाई. थेंब कधी घालायचे ते विचारलं.”

आता हे लिहितेय ते मला लिहिता येतंय. हात चालतो, पूर्वीसारखाच चालतो, माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं आहे आणि ते तसंच राहिलंय. फक्त कागद उलटून मागे गेले तर मीच लिहिलेलं मला कुणा परक्याचं वाटतं. त्यामुळे कुठे तेच तेच आलं असेल तर ते तसंच राहणार. फळ्यावरही तसंच व्हायला लागलं. मी शब्द लिहायचे, खडूची भुकटी झटकायचे, पोरांकडे वळून काही बोलायचे आणि पुन्हा फळ्याकडे बघितलं की तिथे कुणीतरी सुंदर नक्षी काढून ठेवलेली असायची.

रविवारी मी लातूरला गेले. अव्वाला, आईला भेटायला म्हणून. खरं तर विचारायला. नांदेडच्या स्टँडवर गाड्या लागल्या होत्या आणि मी त्यांच्या पाट्यांकडे बघत उभी होते. “ही लातूरला जाती का?” मी कंडक्टरला विचारलं. “ताई, येवढी मोठी पाटी दिसंना का?” मी म्हणाले, “दिसते की.” तो चक्रावला असेल. लातूरला उतरल्यावर क्लासेसचे फलक होते, एकेका पोराचा माझ्याएवढा फोटो, खाली नाव, खाली मार्क. मला फक्त पोरं दिसली, रांगेने हसणारी, बिननावाची. अव्वा घराच्या मागच्या दारात उन्हात बसली होती. आमच्या पार्वतम्माला उन्हाची आणि सुपारीची सवय, बोलण्याची नाही. मी इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, अप्पांचं नेमकं कधी सुरू झालं गं? ती हातातल्या सुपारीकडे बघत म्हणाली, “तुज्याच वयाचे व्हते. मला आदी कळलं. बोटानं बघायला लागले. भिंत, खांब, ताटाची कड, समद्यावर बोट फिरवीत बसायचे. मला वाटलं दुकानाची सवय हाय.”

दुकानाची सवय होतीच. पेपर सुटला, पाट्या सुटल्या, गिऱ्हाइकांचे चेहरे सुटले, तरी अप्पा ठाणातलं कापड अंगठा आणि बोटात धरून सांगायचे, हे पॉपलीन, हे लाँगक्लॉथ, हे धुतलं की आटेल. मला ते चेहऱ्याने ओळखेनासे झाले होते. मी समोर जेवायला बसले की ते अव्वाला हळूच विचारायचे, ह्या बाई कोण? मी बोलले की, अगं अंबिका, कधी आलीस? मग मी घरात शिरतानाच बोलत शिरायचे. सकाळी मात्र ते न चुकता इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायचे, त्याच्यावर नजर लावून. नजर कुठे लागत होती कुणास ठाऊक, अंगठा तेवढा हळूहळू फिरायचा. “बोटं ऱ्हायली व्हती म्हणून चाललं,” अव्वा म्हणाली. “मग एक दिस म्या पॉपलीन हातात दिलं. लई येळ चोळलं. मला म्हणले, पारू, हे काय हाय? त्याच्यानंतर फार दिस गेले न्हाईत.” आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. पुरताना विधी करणाऱ्या जंगमांनी अप्पांची बोटं लिंगावर मिटवली, ती पुन्हा पुन्हा उघडत होती, एवढं मला आठवतं. मी भुईकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने अव्वाचा हात पुढे आला आणि तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. रिकामी वाटी होती. मी मघापासून तिच्या काठावरून बोट फिरवत होते. अव्वाने वाटी तिच्या मागे ठेवली, मला दिसणार नाही अशी, आणि म्हणाली, “जेवून जा.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. शिक्षकाचा धंदा लपायला फार चांगला आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. वाण्याने गिऱ्हाइकाला विचारलं की साखर कशी दिसते तर लोक दुकान बंद करतील. मी कार्ड वर धरायचं आणि विचारायचं, हा कोणता? पोरं ओरडायची, ‘आहे!’ मी म्हणायचं, शाब्बास. मला येत नाही ते मी विचारतेय असं जगात कुणाला वाटणार नाही. पॉलिश पेपरचा गठ्ठा मी नव्याने केला, या वेळी हाताला बजावून उलटा काढला, प्रत्येक कार्ड चिकटवल्यावर बोटाने तपासलं. कार्ड वर धरताना बोटं मागून वळवून पुढच्या शब्दावर ठेवायची आणि हळूच फिरवायची. पण वर्गात तेवढा वेळ नसतो. पोरं उत्तर आधी ओरडतात. मग मी आवाजांवर जायला लागले, ज्या बाजूला जास्त आवाज ते बरोबर. निवडणुकीसारखं. शिवकुमारला तर गंमत वाटू लागली होती. एकदा संध्याकाळी मी त्याला म्हणाले, माझ्या पाठीवर काहीतरी लिही. “हे काय नवीन?” म्हणत त्याने लिहिलं. मी लगेच ओळखलं, ‘चहा’. “मग कर की,” तो म्हणाला. मी चहा टाकला आणि गॅसपाशी उभी राहून, त्याला दिसणार नाही अशी, थोडं रडले. पाठ शाबूत होती. बोटं शाबूत होती. अजून पुष्कळ शिल्लक होतं, आणि शिल्लक आहे तोवर कुणाला सांगायची गरज नव्हती.

सगळ्यात मोठा आवाज आनंदराजचा. पोरगं हुशार, पण धांदरट, पहिलं अक्षर बघायचं आणि ठोकून द्यायचं. एकदा मी कार्ड धरलं आणि तो ओरडला, ‘मला!’ त्याच्या मागे दोघं-चौघं ओरडले, ‘मला!’ मी म्हणाले, शाब्बास. पंचशीला पहिल्याच रांगेत होती. तिचं तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणायला, आणि ते तसंच मिटलं. तिने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खिचडीच्या सुट्टीत मी ते कार्ड चाचपून बघितलं. ‘मी’ होतं. मी स्वतःला समजावलं, एक चूक, एवढ्याने काय होतं. पण एकच नसणार. किती वेळा झालं ते मला कळायला मार्गच नव्हता. पंचशीला मात्र बदलली. तिने कार्डाकडे बघायचं बंद केलं. मी कार्ड वर धरलं की ती माझ्या ओठांकडे बघायची, मी काय म्हणतेय त्याची वाट बघत. टाकीवर पुन्हा कधीतरी तेच लिहिलेलं होतं, पाणी नाही, मी मुद्दाम तिला तिथे घेऊन गेले आणि विचारलं, हा कोणता गं? तिने माझ्या ओठांकडे बघितलं. “तुमीच सांगा,” ती म्हणाली. शब्द आज एक असतो आणि उद्याही तोच असतो, एवढंच तर मी तिला शिकवलं होतं. त्या एका गोष्टीसाठी तिची पाठ मी महिनोन्‌महिने पुसली होती. आणि आता ती समजून चुकली होती की तसं काही नसतं, मॅडम म्हणतील तो शब्द. मी टाकीपाशी उभी होते आणि मला माझी भीती वाटली. अप्पांचं जे झालं ते अप्पांचं झालं, त्यांनी कुणाला कापड चुकीचं शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात शेषेराव सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की या वेळची शिक्षण परिषद आपल्या शाळेत आहे. “आदर्श पाठ अंबिका मॅडमचा. आजूबाजूच्या शाळांचे समदे येणार हायत, मुदखेडकडून बी दोघं-तिघं येतो म्हणलेत. ते रवा, पाठ, सगळं दावा. लोकाला बघू द्या आपला शिरा.” मी म्हणाले, ऋतुजा मॅडमचा पाठ ठेवा. ऋतुजा म्हणाली, “छे हो, माझा कोण बघंल?” मी तब्येतीचं कारण सांगावं असं ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. खरं तर मला वाटत होतं, जमेल. गठ्ठ्यातल्या कार्डांचे कोपरे मी कात्रीने बारीक बारीक कापले होते, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला की कुठलं कार्ड ते कळेल असे. पोरांना डोळे मिटायला लावायचे, मीही मिटायचे. लोकांना ती पद्धतच वाटेल.

परिषदेच्या दिवशी थंडी होती, वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून स्वेटर घातलेले मास्तर आणि बाया बसल्या होत्या, पोरं आधीच शिस्तीत होती. मी टेबलाशी गेले. माझा गठ्ठा तिथे नव्हता. त्या जागी मोठी, चकचकीत, छापून प्लास्टिकमध्ये बसवलेली कार्डं होती. ऋतुजा मागून माझ्या कानाशी आली. “मागच्या लोकांना तुमची लहान कार्डं दिसायची न्हाईत म्हणून मी करून आणली. त्या दिवशी मी हसले ना तुम्हाला, लई वाईट वाटलं होतं मला.” ती खरंच मनापासून बोलत होती. मी तिचा हात दाबला. मग वरचं कार्ड उचललं. अंगठा कोपऱ्यावरून गेला, कोपरा गोल होता, सगळे कोपरे गोल होते. बोट शब्दावरून गेलं, प्लास्टिक गार आणि गुळगुळीत होतं. मी कार्ड वर धरलं. त्यावर काळं काहीतरी होतं. शाईचे ते आकार मला ओळखत नव्हते आणि मी त्यांना. “हा कोणता?” मी विचारलं, आणि माझा आवाज रोजच्यासारखाच आला.

“आहे!” आनंदराज ओरडला. मागे शेषेराव सरांनी मान डोलावली, पण ते कशालाही मान डोलावतात. मी पोरांचे चेहरे बघितले. कुणी ‘आहे’ म्हणत होतं, कुणी दुसरंच काही, आज लोक बघतायत म्हणून आवाज दबलेले होते, निवडणुकीचा निकाल लागत नव्हता. पहिल्या रांगेत पंचशीला हाताची घडी घालून बसली होती. ती कार्डाकडे बघत नव्हती. माझ्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही तक्रार नव्हती, आज शब्द कोणता निघतो ते बघायचं होतं, बस. शाब्बास म्हणायला तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हा शब्द मला वाचता येत नाही.” पोरं हसली. मागच्या भिंतीशीही कुणीतरी कौतुकाने हसलं, एक बाई दुसरीला म्हणाली, “बघा, मुद्दाम चुकून दाखवून राहिल्या, लई छान.” पेन काढून कुणी तेही लिहून घेऊ लागलं. “मुद्दाम न्हाई,” मी त्यांना म्हणाले. “बरेच दिवस झाले. मला येत न्हाई.” पेन थांबलं. ऋतुजाचा चेहरा मला दिसला आणि मी तिकडे बघणं सोडलं.

मी पुढे गेले आणि पंचशीलासमोर सतरंजीवर बसले, तिच्याकडे पाठ करून, मांडी घालून, शाल बाजूला काढून. कार्ड मागे तिच्या हातात दिलं. “पंचशीला, तू बघ. माझ्याकडं न्हाई, कार्डाकडं बघ. आनि माझ्या पाठीवर काढ.” बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणीतरी टाकीचं झाकण वाजवत होतं. मग एक छोटं बोट माझ्या पाठीला लागलं. मी डोळे मिटले. बोट सावकाश निघालं, खाली गेलं, वळलं, थांबलं, वर जाऊन आडवं गेलं. ती नीट काढत होती, मी शिकवलं तसं, डावीकडून उजवीकडे, न उचलता जितकं जाईल तितकं. मला बोट कळत होतं. नख थोडं वाढलेलं आहे तेही कळत होतं. मी शब्दाची वाट बघितली. तो आता येईल, आता येईल, चहा आला होता तसा. बोट शेवटची रेघ ओढून उचललं गेलं. माझ्या पाठीवर एक बोट फिरून गेलं होतं, एवढंच मला माहीत होतं. मी थांबले. मागे पंचशीलाही थांबली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मग तिने आपला छोटा तळहात माझ्या पाठीवर टेकवला आणि वरपासून खालपर्यंत पाठ नीट पुसून घेतली.

“घाई न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. “परत काढते.”